दुमडलेला कोपरा

त्या चिठ्ठीचा कोपरा मीच दुमडला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

केजजवळ आमची कॅथलिक घरं मोजकीच, आणि चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. फादर बीडहून येतात. आगमनकाळात, नाताळच्या तोंडावर, सात संध्याकाळी ख्रिस्ताच्या सात जुन्या नावांनी आम्ही प्रार्थना करतो: ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल, म्हणजे देव आमच्याबरोबर. कोणत्या घरानं कोणत्या नावाचा दिवा लावून चार शब्द बोलायचे, ते चिठ्ठ्यांवर ठरतं. चिठ्ठ्या लिहिणारा मी, डबा धरणाराही मीच.

शेवटच्या संध्याकाळी फादर असतात, खोली गच्च भरते. मी शाळेत क्लार्क, पण भाषणाची हौस दांडगी. इम्मानुएलवर दोन पानं लिहून तयार होती. म्हणून डबा फिरवण्याआधीच बोटांनी तो कोपरा शोधला आणि चिठ्ठी खिशात घातली. सगळ्यांचं काढून झाल्यावरच चिठ्ठ्या उघडायच्या, असा आमचा रिवाज.

शेजारच्या मावशी डब्यात हात घालून पुटपुटल्या, “यंदा तरी इम्मानुएल निगू दे रं देवा. ‘देव आमच्यासंगं हाय’ आसं सगळ्यांम्होरं एकदा मोठ्यानं म्हणायचंय. घरात म्हणते, पर ऐकायला निस्ती शेळी.”

सगळे हसले. मीही हसलो. नवरा गेल्यापासून मावशी एकट्याच राहतात.

त्यांची चिठ्ठी मीच वाचून दाखवली. ज्ञान.

“आगं बया! मी अंगठा उठवणारी, आन् मला ज्ञान?”

पहिल्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, पदर सारखा केला. “मला वाचता येत न्हाई. पर कोण उपाशी हाय, ते तोंडावरनं कळतं. येशूलाबी तसंच कळत आसंल. झालं माझं. चहा टाका.”

घरी येऊन माझी दोन पानं वाचली. त्यात एवढं काहीच नव्हतं. पुढे तर रोज संध्याकाळी त्या त्या दिवसाचं नाव मलाच टोचू लागलं. किल्लीच्या दिवशी वाटलं, येशू आपलं दार उघडतोय, आणि मी आतून कडी धरून बसलोय. ‘देव आमच्याबरोबर’ यातला ‘आमच्या’ मी एकट्यानंच खिशात घातला होता.

शेवटच्या दिवशी प्रार्थनेआधी फादरांकडे पापनिवेदन केलं. ते म्हणाले, “देवानं माफ केलं. आता मावशींकडे जा.”

“प्रार्थना झाली की जातो, फादर.”

“आधी.” आणि ते चक्क हसले.

मावशी पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या. मी वाकून त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

“काय म्हन्लास? मोठ्यानं बोल की! आज मला लई कमी ऐकू येतंय.”

मावशींचे कान किती तिखट आहेत, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी उभा राहिलो. खोली गच्च भरलेली. दोन पानं खिशातच राहू दिली आणि फक्त चिठ्ठी बाहेर काढून त्यांच्या हातात ठेवली.

“मावशी, ही चिठ्ठी मी कोपरा दुमडून, लबाडीनं काढली. आजचा दिवा तुमचा आहे. माझं चुकलं, मला माफ करा.”