भावंडांना अमोलबद्दल सांगितलं तेव्हा

आमच्या घरात एखादी गोष्ट सांगितली की ती एकटी राहत नाही, तिला पोरंबाळं होतात. मी माझ्या भावंडांना आयुष्यात एकच मोठी गोष्ट सांगितली. तिचे आता इतके किस्से झालेत की चहाला बसलं की कुणी ना कुणी एखादा काढतंच. फक्त आई-आप्पा जवळपास नसले पाहिजेत. त्यांना अजून माहीत नाही.

गोष्ट एवढीच, की मला मुली आवडत नाहीत. मला अमोल आवडतो. तो नगरजवळ भिंगारला चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मी नववीतच शाळा सोडली, गावाहून रोज नगरला सावेडीत येऊन गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. मशीन चालू असलं की बरं वाटतं, बोलावं लागत नाही.

*

पहिल्यांदा सांगितलं तायडीला. ती सगळ्यांत थोरली, खर्ड्याला दिलेली. या गोष्टीसाठी मोबाईलवर एक चांगला शब्द सापडला होता, तो एसटीत घोकत गेलो. तायडी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिच्यापुढं तो शब्द काही तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "तायडे, माझं एका मुलावर प्रेम हाय."

तिनं हातातली शेंग तशीच धरली. बराच विचार करून म्हणाली, "म्हंजे कुणाची पोरगी पळवली न्हाईस?"

"न्हाई."

"मग बस निवांत. मला वाटलं, आता लोक काठ्या घिऊन दारात येत्यात."

अर्धं सूप शेंगा फोडून झाल्या आणि तिचे हात पुन्हा थांबले. "पर समाधान, त्या पोराच्या घरचे येतील का रं काठ्या घिऊन?"

*

दुसऱ्या दिवशी फोनवर तिचा आवाज बसलेला होता. रडली असावी. पण विचारलं काय? तर अमोलचं आडनाव, मूळ गाव आणि त्याच्या आईचं माहेर. आमच्या जिल्ह्यात सोयरेधायरे म्हणजे शेवग्याचं झाड, कुठलीही फांदी आपल्याच अंगणात येते.

संध्याकाळी तिचा परत फोन आला. आवाज एकदम गंभीर. मला वाटलं, हिचं मन फिरलं.

"हे जमायचं न्हाई," ती म्हणाली. "त्याची आई आपल्या आईच्या आईची लांबची बहीण लागती. नात्यानं तो तुझा मामा हाय."

आजपर्यंत तिची हरकत एवढीच आहे.

*

मनीताई दुसरी. सावेडीतच राहते, बालवाडीत शिकवते. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि फक्त दुकान कुठल्या गल्लीत आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी गेली डोळे तपासायला!

अमोलला ती कोण हे माहीत नव्हतं. त्यानं तिला अक्षरांसमोर बसवलं. तिनं त्याला विचारलं, शिक्षण किती, तंबाखू खाता का, घरी कोण कोण असतं. रात्री अमोल मला सांगत होता, एक बाई आली होती, अक्षरं सोडून मलाच वाचत होती.

डोळ्यांना नंबर काही निघाला नाही. पण एवढा वेळ घेतला म्हणून तिला नुसतं उठून यायची लाज वाटली, आणि फ्रेम घेऊन आली. मला म्हणाली, "मुलगा चांगला आहे रे. पण तुझ्यापायी मला चष्मा लागला."

*

मग दोघी बहिणींना काळजी लागली स्थळांची. आईनं नातेवाइकांत माझं नाव टाकलं होतं. मुलगी सांगून आली तर नकार कसा द्यायचा, याची दोघींनी जोरदार तयारी केली. पत्रिका जुळत नाही, मंगळ आहे, समाधानला आत्ताच करायचं नाही, अशी कारणं पाठ.

वर्ष गेलं, एकही स्थळ आलं नाही. नववीतून शाळा सोडलेल्या, शिलाई करणाऱ्या पोराला आजकाल कोण मुलगी देतं?

मला हायसं वाटलं. शाळा सोडल्याचा पहिल्यांदा फायदा झाला. मनीताई मात्र भडकली. "काय कमी आहे आमच्या भावात? निदान विचारायला तरी यायचं!"

*

राहिला धना. माझ्याहून लहान, टेम्पो चालवतो. त्याला सांगितलं तेव्हा तो एकच बोलला, "गावात कळलं तर मला कोन पोरगी देईल?" आणि निघून गेला.

तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. घरात ताटाला ताट लावून जेवायला बसायचा, पण काही सांगायचं असलं तर दारातल्या म्हशीला सांगायचा. "म्हशे, त्याला म्हनावं मोटार बंद कर, हौद भरला." मी मोटार बंद करायचो. हे ऐकून बहिणी हसायच्या. मला हसू यायचं नाही. लहानपणापासून आम्ही एका गोधडीत झोपलेलो. त्याचं म्हणणं खोटं होतं असंही नाही.

*

यंदा भाऊबीज मनीताईकडं होती. तायडी आली होती. मनीताईनं मला न विचारताच अमोललाही बोलावलं. धना उशिरा आला, अमोलला बघून दारातच थांबला. मला वाटलं, आता हा परत फिरणार. पण मनीताईनं पाट मांडलेला होता. तो गुपचूप बसला. ओवाळून घेतलं, जेवला. अमोल तर बासुंदीच्या वाटीतून मान वर काढेना.

धनानं उठून हात धुतले, पुसले. मग सरळ अमोलच्या मागं जाऊन उभा राहिला आणि त्याचा उजवा कान धरून असा पिळला, की बासुंदी सांडली. तायडीच्या लग्नात बोहल्याजवळ कानपिळीच्या शर्टपीससाठी दाजींचा कान यानंच पिळला होता, अगदी तसाच.

अमोलचा कान लाल. कान सोडवायचा सोडून तो हळूच म्हणाला, "काय पाहिजे, सांगा."

धना म्हणाला, "शर्टपीसवर भागायचं न्हाई. घड्याळ लागंल."