कोळशावरचा ठिपका

भुताखेताला मानणारी बाई मी न्हाय. नवरा गेला, तेरावा झाला न् मी भाताच्या लावणीला गेली... रडायला येळ कुठं व्हता? पण हे माझ्या डोळ्यासमोर झालं. मी बोलते, नात पिंकी मोबाइलवर टाइप करते.

आमचं गाव दिघाशी, भिवंडी तालुका. आजूबाजूला गोदामं यायला लागली, जमिनीला भाव आला, न् माझा दीर बाळू बदलला. मी लग्न होऊन आली तवा तो शेंबडा पोर. सासू न्हवती, मीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला.

आमच्या दोघांच्या शेताच्या मधी हद्दीचा दगड. यंदा बघते तर दगड माझ्या बाजूला सरकलेला! भाताची अख्खी पट्टी गेली. त्याच पट्टीवर माझं वर्ष निघतं.

बाळू बोलला, "वैनी, तुमची नजर गेली. मोजणी करू, मग तर झालं?"

मोजणीवाला आला. काठीला मशीन. काठी टेकवली की त्या जागेचा आकडा मशीनमधी जातो. मी बांधावर बसून बघत व्हती. कोपऱ्यांवर टेकवली, सरकलेल्या दगडावर टेकवली... माझ्या गेलेल्या पट्टीत पायच न्हाय ठेवला.

लॅपटॉपवर फाइल उघडली — नुसते आकडे, अक्षर एक न्हाय. एक ओळ म्हणजे एक जागा. नकाशा काढला तर पट्टीच्या पल्याडच्या कडेला एक ठिपका जास्तीचा.

"ये कहाँ से आया?" मोजणीवाला स्वतःच बोलला.

"कचरा असंल. पुसा," बाळू लगेच.

पिंकी कॉलेजात कंप्युटर शिकते. तिनं पुसायच्या आधी फाइल मोबाइलवर मागून घेतली. घरी पायथन नावाच्या कंप्युटरच्या भाषेत वाचली — ठिपका तिथंच. तिच्या मैत्रिणीनं जावा नावाच्या दुसऱ्या भाषेत वाचली — तिथंच.

मी बोलली, "अगं, दोघींचं चुकलं असंल."

"आजी, एक भाषा फाइल एकदम उचलते, दुसरीला ओळ ओळ सांगावी लागते. पण आकडा तोच निघतो ना!"

भाषा एवढ्या येगळ्या, तरी एकच सांगतात. न् माझ्या घरातला माणूस...

मोजणीवाल्याला परत बोलवलं. त्यानं तो आकडा मशीनला दिला. काठी जिथं थांबली तिथं खणलं. खाली कोळसा.

आमच्याकडं हद्दीचा दगड पुरताना खाली कोळसा टाकतात. दगड सरकतो, कोळसा कुजत न्हाय. माझ्या नवऱ्यानं टाकलेला तो.

मी बोलली, "बाळू, तवा कोळशाची टोपली तूच आणलेलीस ना रं? तोंडभर काळं करून घेतलंस. मी पदरानं पुसलं."

"मला न्हाय आठवत, वैनी."

बोलताना त्याचा हात गालावर गेला. तिथंच, जिथं मी पुसलं व्हतं.

दगड जागेवर बसवला. पट्टी माझी मला मिळाली. ती ओळ फाइलमधी कुठनं आली, मोजणीवाल्याला सांगता येत न्हाय, पिंकीलाही न्हाय. काठी तिथं टेकलीच न्हवती, मी डोळ्यानं बघितलंय.

सणाला बाळूचं ताट मी आधी वाढायची. आता न्हाय वाढत.