बंगल्याच्या भिंतीतली खोली

कमठाण्याकडच्या आंब्याच्या मळ्यातला बंगला बघायला लोक मुद्दाम यायचे. तांबडा जांभा दगड, चुन्यातल्या कमानी, रस्त्याकडं तोंड केलेला ऐसपैस व्हरांडा. निजामाच्या काळात कुण्या जहागीरदारानं बांधला, एवढं पोरंसोरंही सांगतील. दगड कुणी वाहिले ते विचारा, परत जहागीरदाराचंच नाव सांगतील.

आम्ही मागच्या बाजूला राहायचो, आवाराच्या जाड भिंतीतच काढलेल्या खोलीत. तिचं बुटकं दार अंगणात नव्हे, बाहेर शेताकडं उघडायचं. बांधणाऱ्यानं डोकं लावूनच केलेली सोय होती ती. राखण आम्ही करायची, पण पाय मालकाच्या अंगणात पडता कामा नये. आजोबांपासून आम्ही त्या दारातून वाकूनच आत जात होतो.

मग कायदा आला: मजूर राहतो ते घर मजुराचं. मी पत्रकं वाटली, सभांत बोललो, अर्ज केला. मालक म्हणाला, ती खोली कडब्याची, तिथं कुणी राहतच नाही. पाहणीला साहेब येणार असं ठरलं.

बिदरहून साहेबाला घेऊन आलो, तर चूल, मडकी, वाकळा, सगळा संसार चिंचेखाली. खोली मोकळी. चुलीच्या जागेवरसुद्धा शेणाचा हात फिरवलेला.

"माय, हे काय करून ठेवलीस?"

"साहेब यायलाय म्हनलास न्हवं? पसाऱ्यात बशिवतेत व्हय मोठ्या मान्साला?"

साहेबानं बाहेरूनच डोकावलं. मी कानडीत सांगत होतो, वर बघा, आढ्याला काजळी आहे, आमच्याच चुलीची. पण त्यासाठी वाकून आत यावं लागलं असतं. चिंचेखालची भांडी दाखवली, तर मालकाचा कारभारी म्हणाला, "मग झाडाला घर म्हनून लिवा की, साहेब." साहेब हसला. आणि खोलीत राहता वापर नाही असं लिहून जीपमध्ये बसला.

सरकारला घराची खूण म्हणून चुलीतली राख दाखवायची होती. आमच्यात पाहुणा येणार म्हटलं की पहिली राखच काढतात. हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

आम्ही भांडी आत न्यायच्या आधीच मालकाची गाडी कडबा घेऊन दाराशी लागली. गडी पेंढ्या आत फेकायला लागला. माय पुढं झाली. मला वाटलं, आता तरी भांडेल.

"आरं, वल्ल्या सारवनावर कामून टाकायलास?" ती म्हणाली. "वाळू तर दे."