चुंबकताऱ्याचं वाइंडिंग

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पाण्याची मोटर जळालेला असा एकही शेतकरी नसेल, ज्याला आमच्या ताईच्या सासऱ्यांनी आकाशातला बिघाड समजावून सांगितलेला नाही. आळेफाट्याच्या अलीकडं त्यांचं, म्हणजे आमच्या मामांचं, मोटर भरायचं दुकान आहे. तांब्याच्या तारेचे वेढे घालता घालता मामा बोलत राहतात, आणि मोटर आत अडकलेली असल्यामुळं गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही. चहा पाजतात, पण आधी रिकामी बशी आभाळाकडं धरून जवळची रेडिओ दुर्बीण आकाश कसं ऐकते ते दाखवतात. तोवर कपातला चहा निवतो.

हे खूळ त्यांना मी लावलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही फिजिक्सचा. दुकानाच्या दारातून लांबवर दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. त्या दाखवून मी सांगितलं, की दूरच्या आकाशगंगांमधून कधी कधी रेडिओ लहरींचा जबरदस्त झटका येतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. मोठा तारा फुटल्यावर मागं जो गाभा उरतो, तो जुन्नर तालुक्यात मावेल एवढाच असतो, पण वजनाला सूर्यापेक्षा भारी आणि चुंबकशक्ती अफाट. असा कोवळा चुंबकतारा बहुतेक या झटक्यांमागं असावा. मामांनी त्यातलं 'बहुतेक' गाळलं आणि चुंबकताऱ्याची चुंबकाची तार केली.

"म्हंजी वाइंडिंगच की, पावणं. नवी भरलेली मोटर हाय ती. सुरवातीला झटकं मारणारच."

तरणा चुंबकतारा जास्त दंगा करतो, एवढं त्यात बरोबर होतं. पण वर कुणी तार गुंडाळत बसलेलं नाही, हे काही त्यांना आजवर पटलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात दुर्बिणीकडची एक जीप टपावर अँटेना लावून थेट दुकानाशी थांबली. आपला सल्ला घ्यायला आले, या समजुतीनं मामांनी पेढे मागवले. आलेल्या बाईंनी फार अदबीनं सांगितलं, की दुर्बिणीत खरखर येते आहे आणि तिचा माग इथं लागतो. दोष निघाला भिंतीवरच्या बोर्डाचा. उघड्या पात्यांचा जुना स्विच, खटका ओढला की निळी ठिणगी. मामांच्या वडिलांनी तो स्वतः बनवलेला. त्यावर फिरल्याशिवाय मोटर दुकानाबाहेर जात नसे.

"तुमची ठिणगी आमच्याकडं ताऱ्यापेक्षा मोठी ऐकू येते," बाई म्हणाल्या. सक्ती नाही, जमलं तर स्विच बदलून बघा, असंही म्हणाल्या.

बाकावरचं एक गिऱ्हाईक हळूच बोललं, "म्हंजी इतकी वर्सं सांगत व्हता तो तारा भिताडावरच व्हता का, राव?"

सगळं दुकान हसलं. मामांनी पेढे वाटले आणि बोर्डावरची धूळ पुसली. वडिलांच्या हातचं दुकानात तेवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा बोर्ड उतरलेला होता. जागेवर बंद डबीतला नवा स्विच. ना ठिणगी, ना आवाज. मोटर सुरू झाली तरी मामांचा हात तिथंच थांबला होता.

"आता जे ऐकू येईल ते वरचंच ना?"

"तुमच्या दुकानातून तरी आता काही जाणार नाही, मामा."

"झालं तर मग. आमचा बा लई वर्सं मधीच बोलत व्हता."

बोर्डाच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन उरला आहे. त्यावर त्यांनी अजून रंग लावू दिलेला नाही.