वारा बघून लावलेला राब

राब भाजायच्या दिवशी धोंडूआबा आधी मूठभर माती उडवून वारा बघायचे. वारा आमच्या घराकडे असला की काडीपेटी परत खिशात. भाताच्या रोपांसाठी पाला, शेण पसरून जमीन भाजायची, म्हणजे धूर तो तासा-दोन तासांचा. पण माझ्या आईला दमा होता. "वैनीला तरास नगं. राब काय, उद्याबी पेटंल," म्हणायचे.

भरे गावात आमची घरं शेजारी. आई गेल्यावर बांधालगतचं रान मी एका शेडला नऊ वर्षांच्या करारानं दिलं. तिथे भंगारातलं प्लास्टिक वितळवतात. माझा मुलगाही तिथेच कामाला लागला. त्या धुरासाठी वारा बघणारं कोणी नव्हतं. वर्षभरात आबा खोकू लागले. शेडकडची खिडकी त्यांनी पोत्यानं बुजवली.

"सुभ्या, तुज्याकडची तेवढी उघडी ठिवलीया," ते हसत म्हणाले. "तितनं धूर येत न्हाई, नुसता तू दिसतुयास."

पुढे त्यांच्या सुनेनं शेडच्या धुराविरुद्ध पौडच्या कचेरीत अर्ज केला. चौकशीला साहेब आले आणि जागामालक म्हणून मला विचारू लागले. मुलगा शेडच्या दारात उभा होता. मी म्हणालो, "साहेब, हे दरसाल राब भाजतात. त्या धुराचा खोकला आहे." आबा ओट्यावरच बसले होते. साहेबांनी तसंच लिहिलं. मी सही केली.

त्या साली आबांनी राब भाजला नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा. रोपं खुरटी आली, निम्मं वावर तणानं खाल्लं. खोकला मात्र भर पावसातही भिंतीपलीकडून ऐकू यायचा. न राहवून मी गेलो. ते उशी पोटाशी धरून, वाकून श्वास घेत होते.

"राब न्हाई लावला... औंदा. आता काय लिवशीला?"

"आबा, मी साहेबांना खरं सांगतो."

"कवा?"

मी दोनदा पौडला गेलो. दोन्ही वेळा कचेरीच्या पायरीवरून परतलो. दिवाळीआधी आबा गेले.

शेड चालू आहे, करार संपायला अजून अवकाश आहे. शेडकडची खिडकी आता मीही पोत्यानं बुजवली आहे. परवा मुलगा मला दवाखान्यात घेऊन गेला. छाती तपासताना डॉक्टरांनी विचारलं, "शेजारी कोणी राब वगैरे भाजतं का?"

"एक जण भाजायचे," मी म्हणालो. "वारा बघून."