दिवाबत्तीतल्या बारा बाया

देवमन तायडेला स्वतःबद्दल कधी शंका म्हणून आली नाही. अकोल्याच्या एका सहकारी जिनात तो कारकून होता, आणि एका परीक्षेत दोनदा आपटी खाऊनही चालायचा असा ताठ, की समोरच्यालाच वाटावं आपण नापास झालो. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "माहा पेपर त्या तपासणाऱ्याच्या डोक्यावरून गेला. त्याले मी काय करू?"

परीक्षा होती हिशेब तपासनिसाची. गणिताचे, कायद्याचे चार पेपर त्यानं पहिल्याच झपाट्यात मारले होते. अडला तो पाचव्यावर. त्याचं नाव प्रकरणाचा पेपर, आणि तो पेपर म्हणजे एक अजब चीज होती. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी टपालानं एक छापील पुस्तिका यायची. तिच्यात एका मनानं रचलेल्या संस्थेची सगळी कुंडली: माणसं किती, माल किती, खर्च कुठं, भांडण कोणाचं. ती वाचायची, चावायची, पचवायची. प्रश्न मात्र परीक्षेला बसल्यावरच हातात पडायचे.

पहिल्या वर्षी देवमननं पुस्तिका अथपासून इतिपर्यंत पाठ केली आणि जशीच्या तशी लिहून आला. आता सांगा, ज्यांनी पुस्तिका छापली त्यांनाच ती परत वाचून दाखवायची म्हणजे काय! मार्क एकोणीस. दुसऱ्या वर्षी त्यानं सगळे आकडे पैशापर्यंत जुळवले आणि 'आपले मत सविस्तर लिहा' याच्या खाली लिहिलं, 'ताळेबंद जुळतो.' मार्क सत्तावीस.

आता त्रेसष्ट साल उजाडलं. तिसरी खेप ही शेवटची. त्यानंतर बसूच देत नसत. पास झाला तर अमरावतीला तपासनिसाची जागा, नाहीतर जन्मभर याच टेबलाशी कापसाच्या पावत्या फाडायच्या. जिनाचे व्यवस्थापक उत्तमराव हे जुन्या वळणाचे, तोंडानं फटकळ आणि पोटात माया असलेले गृहस्थ. त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, "अबे देवमन, तुले हिशेब येते, पण तू कागदाच्या बाहेर पाहातच नाईस. यंदा पुस्तिका एकटा वाचू नको. घरी मोठ्यानं वाच. आयकणारा जे विचारते, तेच तो परीक्षक विचारते."

"घरी कोन हाय आयकाले? माय अन् बायको."

"मंग ते का मानसं नाईत?" उत्तमराव खेकसले.

पुस्तिका आली ती नेमकी जिनाची निघाली. 'पूर्णाकाठ सहकारी जिन', चोवीस चरख्या, व्यवस्थापक श्री. क्ष. देवमनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जिन म्हणजे त्याचं रोजचं घर! त्या रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर तो ओसरीवर मांडी ठोकून बसला आणि खड्या आवाजात वाचू लागला. बायको ललिता तूर निवडत होती. माय, जाईबाई, भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. ही बाई दर्यापूरकडच्या एका मालकाच्या जिनात वीस हंगाम रेजा म्हणून राबलेली. रेजा म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या चरखीच्या तोंडाशी बसून तिला कापूस भरवणारी मजूरबाई. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, तेव्हापासून 'समजलं नाई ते इचारल्याबिगर सोडाचं नाई' हा तिचा नेमच झाला होता.

"क्ष हे कोनतं आडनाव रे?" तिनं पहिल्याच पानावर अडवलं.

"नाव लपवलं हाय, माय."

"काहून लपवलं? काई खाल्लं असन त्यानं."

झालं. त्या दिवसापासून घरात क्षरावांचा मुक्काम पडला. ललिता भाकरी थापता थापता विचारायची, "क्षरावानं नवं इंजिन घेतलं का मंग?" पंच मंडळाच्या भांडणात माय एका पंचाची बाजू घ्यायची, ललिता दुसऱ्याची, आणि देवमन दोघींना शांत करता करता मेटाकुटीला यायचा. पण एक गंमत झाली. या बायांना समजावून सांगताना त्याला स्वतःलाच ती संस्था डोळ्यांसमोर दिसायला लागली. गेल्या दोन वर्षांच्या संस्था नुसत्या कागदावरच राहिल्या होत्या.

आठव्या दिवशी मजुरीचं पान आलं. देवमननं वाचलं, "रेजा बारा. रोज दीड रुपया. हंगाम शंभर दिवस. एकूण कापूस बावीस हजार क्विंटल."

"थांब," माय म्हणाली. "बाया किती म्हनल्या?"

"बारा. एका बाईकडे दोन चरख्या, चोवीस चरख्यांले बारा बाया. बराबर हाय."

"बाया बराबर हायेत, पन कापूस जास्ती हाय. एवढा कापूस बारा जनीच्यानं दिवसाउजेडी व्हतच नाई."

देवमन हसला. कागदावर बेरीज बरोबर असली की त्याच्या दृष्टीनं जग बरोबर असे. तरी मायचं मन राखायला म्हणून त्यानं आपल्या जिनाचा दर लावून पाहिला. एक चरखी दिवसाला पाच क्विंटल. चोवीस चरख्या, शंभर दिवस, बारा हजार क्विंटल. आणि पुस्तिकेत होते बावीस हजार! वरचे दहा हजार क्विंटल चरखीतून कोणी काढले? त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"रातपाळी चालली असन," तो पुटपुटला. "पन रातच्या बायांचं नाव तं कुठीच नाई."

"नसतेच," माय शांतपणे म्हणाली. "रातच्याले बाईले कामावर ठेवनं कायद्यात बसत नाई. मंग मालक नाव लिहतच नोता. मी दोन हंगाम रातच्या चरखीवर बसली. मुनीम पैसे द्याचा, पन वहीत पाहाशील तं मी नाईच."

देवमननं हातातली पेन्सिल खाली ठेवली. जिच्या मजुरीवर तो मॅट्रिक झाला, ती दोन हंगाम कोणत्याच वहीत नव्हती, आणि हे त्याला आज, तिसाव्या वर्षी, कळत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. "मंग ते पैसे मुनीम वहीत कुठी दाखवे, माय?"

"मले काय मालूम! पैसे देताना म्हने, घ्या बायांनो दिवाबत्ती. आमाले वाटे, गंमत करून राह्यला."

देवमननं धडाधडा पानं उलटली. खर्चाच्या यादीत तळाशी एक ओळ होती: दिवाबत्ती, गतवर्षी चारशे रुपये, यंदा अडीच हजार. ही ओळ त्यानं आतापर्यंत दहा वेळा तरी वाचली होती. बारा बाया, शंभर राती, दीड रुपया: अठराशे. वाढलेल्या एकवीसशेंतले उरलेले तीनशे रात्रीच्या बत्त्यांच्या रॉकेलचे. आकडा चपखल बसला. देवमननं मांडीवर अशी थाप मारली की ललिताच्या सुपातली तूर ओसरीभर झाली.

परीक्षेला तो आणि खुशालराव एकाच एस.टी.नं अमरावतीला निघाले. खुशालराव हा जिनातलाच सोबती, शेतीवाडीवाल्या घरचा, हुशार आणि जिभेला हाड नसलेला. मूर्तिजापूरला चहा घेताना तो म्हणाला, "दिवाबत्ती पाह्यली ना? क्ष्यानं रॉकेल खाल्लं. उघड हाय."

"रॉकेल नाई खाल्लं त्यानं," देवमन म्हणाला.

"तुले कोनं सांगितलं?"

"मायनं."

खुशालराव पोट धरून हसला. "लेका, तिसरी खेप हाय तुही! आता मायले इचारून पेपर सोडवतं का?"

"हो, तिलेच इचारून," देवमन म्हणाला आणि त्याच्या चहाचे पैसेही आपणच देऊन टाकले.

तिसरा प्रश्न वाचला आणि देवमनला वाटलं, उठून नाचावं. 'दिवाबत्तीचा खर्च एवढा का वाढला असावा, याची कारणमीमांसा करून अध्यक्षांना पत्र लिहा.' त्यानं बाह्या सारल्या. चोवीस चरख्या, त्यांचा दर, बावीस हजार क्विंटल, नाव नसलेल्या बारा बाया, सगळं ओळीनं मांडलं. पत्रात ठणकावून लिहिलं: श्री. क्ष यांनी पैसे खाल्ले नाहीत, पण माणसं लपवली. उद्या एखादीचा हात चरखीत गेला तर संस्था म्हणणार, ही बाई आमची नाहीच. बायांना रात्री बसवणं आजपासून बंद करा. दिवसपाळीच्या चरख्या वाढवा, प्रत्येकीचं नाव लिहा, अंगठा घ्या आणि मजुरी मजुरीच्याच खात्यात दाखवा. हात दुखून आला तरी तो थांबला नाही. शेवटी 'हजेरीपटाचा नमुना भरून दाखवा' असं होतं, तोही त्यानं शेवटच्या रकान्यापर्यंत भरला.

अडीच महिन्यांनी निकालाचं पत्र जिनाच्या पत्त्यावर आलं. उत्तमरावांनी ते फोडलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि भर कचेरीत ओरडले, "बाहत्तर! अबे, प्रकरणात बाहत्तर मार्क! अमरावतीले हजर व्हाचं पत्र बी हाय सोबत." खुशालरावला चौतीस होते. तो उठला, देवमनच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला आणि म्हणाला, "पुढच्या खेपीले तुही माय मले भाड्यानं दे."

देवमन पेढे घेऊन घरी आला. मायनं पेढा हातातच धरला आणि आधी विचारलं, "काय लिहलं होतं तेवढं सांग."

त्यानं सगळं सांगितलं. मग जरा घुटमळला. "अन् त्या हजेरीपटाच्या नमुन्यात पहिल्या ओळीत नाव टाकलं, जाईबाई मोतीराम. साऱ्या महिन्याची हजेरी लावली."

ललितानं डोळ्याला पदर लावला. माय मात्र कपाळाला आठ्या घालून बसली. देवमनला कळेना, चुकलं काय.

"कोन्या महिन्याची?" तिनं विचारलं.

"मार्चाची."

"मंग एक खाडा लाव," जाईबाई म्हणाली. "तुह्या मॅट्रिकच्या पयल्या पेपराच्या दिवशी मी कामावर गेली नोती. शाळेपुढच्या लिंबाखाली बसून होती."

"पेपर कवाचा गेला, माय. आता खाडा लागत नाई."

"मंग त्या दिवसाचे दीड रुपये जास्तीचे झाले ना रे," ती म्हणाली, आणि मग तिनं पेढा तोंडात टाकला.