हराळीचा रोवणा

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी राहत नाही. येतो, एक वेळ जेवतो, नातवंडांच्या हातावर काही ठेवतो आणि शेवटच्या एसटीने परत जातो. मी एकुलती एक. आई गेल्यावर बाबांनी शेत ठेक्याने दिलं आणि अड्याळच्या घरात एकटेच राहू लागले. एका सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडले, ते शेजारणीला दुपारी कळलं. रीत गेली चुलीत, म्हटलं, आता बाबा भंडाऱ्याला माझ्याकडेच राहतील.

आणलं खरं, पण टिकवायचं कसं? रिकामं बसून लेकीचं अन्न त्यांच्या घशाखाली उतरेना. पहाटे उठून अंगण झाडत, भाजीसाठी उगाच बाजाराच्या खेपा घालत आणि चार दिवस गेले की पिशवी भरायला घेत. तोडगा माझ्या नवऱ्याने काढला. घरापुढच्या मोकळ्या जागेत आम्हाला लॉन लावायचं होतं. माळी मिळत नाही, तुम्हीच लावून द्या, असं त्याने बाबांना सांगितलं. बाबा लगेच तयार झाले. हाताला काम असलं की माणूस पाहुणा राहत नाही, हे त्याला सुचलं. या एका गोष्टीसाठी मी त्याला सात खून माफ केले आहेत.

नर्सरीतून गवताची पोती आली. बाबांनी एक काडी उचलून पाहिली आणि हसू लागले. ही तर हराळी! जन्मभर त्यांनी ती बांधावरून खणून काढली, मुळं उन्हात वाळवून जाळली, तरी पुढच्या साली हजर. शहरात लोक ती विकत घेतात, ही बातमी त्यांनी गावी फोन करून कळवली.

माती भुसभुशीत करा, रेती मिसळा, उतार ठेवा, पाणी साचू देऊ नका, असं नर्सरीवाल्याने बजावलं होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर अंगणाची धानाच्या शेतासारखी बांधी झालेली. चहूबाजूंनी वीतभर बांध, आत घोटाभर चिखल आणि धोतर खोचून वाकलेले बाबा. धानाचे पऱ्हे रोवावेत तशा ते हराळीच्या जुड्या ओळीने रोवत होते. आई गेल्यापासून त्यांचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता. शिवाय मला शेतीतलं जे काही कळतं ते त्यांच्याकडूनच आलेलं, मी काय बोलणार?

जमीन चिकण, त्यात पावसाची झड. पाणी जिरेना. बांधाला कुठे भोक पडलं की बाबा ते लगेच बुजवत. गवत पिवळं पडलं, तर पाणी कमी पडतंय असं वाटून त्यांनी पाइप लावून आणखी भरलं. मग बुंधे काळे पडले. एक दिवस त्यांनी एक जुडी ओढली, ती सडक्या मुळांसकट अलगद वर आली. बाबा तसेच बांधावर बसले. नवऱ्याने समजावलं, बांध फोडू, वाळू देऊ, हराळी अशी मरत नसते. संध्याकाळी जेवायला हाका मारल्या तरी येईनात, म्हणून मी खोलीत गेले. ते सदऱ्याची घडी घालत होते.

"उद्याच्या गाडीनं जातो, बाई," ते म्हणाले. "हराळी बी नाही जगली माह्या हातानं. आता कोणत्या तोंडानं बसून खाऊ तुह्या घरी?"

माझं डोकंच फिरलं. तिकडे पुन्हा चक्कर आली तर उचलायला कोण आहे, हे मला विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते दुसरंच, कितीतरी वर्षांचं साचलेलं.

"बाबा, मी पोरगा असती तं तुमी असे गेले असते काय?"

ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही," म्हणाले, आणि दुसरा सदरा उचलला.

बाबा माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. लहानपणी औषध पाजायच्या आधीसुद्धा, कडू आहे, असं सांगून टाकत. मला त्याचा फार अभिमान होता. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी एकदा तरी खोटं बोलायला हवं होतं.